अकरा नंबरचा हात

उभ्याउभ्या बोलायची लेकाची खोड मोठ्या बाईंच्या पहिल्यापासून डोक्यात जायची. आईसमोर यायचं, बसायचं नाही, हातातला कागद टेबलावर टाकायचा आणि डोळे मोबाईलमध्ये खुपसून बोलायचं. म्हणजे समोर आई नाही, टपालाची पेटी आहे. त्यातून कानात ती पांढरी बोंडं. त्यातून काय ऐकतो आणि आईचं काय ऐकतो, हे त्या कानांनाच ठाऊक.

त्या दिवशीही सकाळी नऊला तो असाच आला. लाँड्री नुकती तापली होती, धुलाईखोलीतले ड्रम घरघरत होते, आणि मोठ्या बाई आपल्या खुर्चीत बसून आलेल्या गाठोड्यांना दोरे बांधून घेत होत्या. त्याने कागद टाकला आणि म्हणाला, सही कर.

मोठ्या बाईंची शाळा दुसरीत सुटली होती. आकडे त्या वाऱ्यासारखे वाचायच्या, अक्षरं मात्र बोट ठेवून, एकेक. लेकाला घाई होती म्हणून त्यांनी मुद्दामच सावकाश वाचलं. तीन ओळी होत्या. हॉस्पिटलच्या चादरी जाळल्याबद्दल हात नंबर अकरा यांना आजपासून इस्त्रीखोलीतून कमी करण्यात येत आहे. संध्याकाळी लागू. खाली लाँड्रीच्या मालकीणबाईंच्या सहीची रिकामी जागा.

"अकरा कोण ते लिहायला लाज वाटली?" त्यांनी विचारलं.

"सिस्टीममध्ये नंबरच असतात, आई."

"तुला कडेवर घेऊन पाच वर्षं हिंडली ती बाई. तेव्हा तिला नंबर नव्हता."

लेकाने खांदे उडवले. अकरा नंबर म्हणजे त्याची काकू, मोठ्या बाईंची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे गेले, सासू गेली, लाँड्री मोठ्या बाईंच्या नावावर आली आणि इस्त्रीखोली जावेच्या हाताखाली राहिली. लेकाने कामगारांना नंबरांची कार्डं वाटली त्या दिवशी सगळे रांगेत उभे राहिले, ही काही आली नाही. मग उरलेलं शेवटचं कार्ड तिच्या टेबलावर कुणीतरी ठेवून आलं. ते अकरावं.

दोघींमध्ये एकोणीस वर्षं सरळ शब्द नव्हता. 'त्यांना सांगा वाफ कमी येतेय.' 'तिला म्हणावं येते थोड्या वेळात.' मध्ये उभा राहायला कुणी नसलं तर मोठ्या बाई भिंतीला सांगायच्या आणि जाऊ भिंतीकडून ऐकायची. तेव्हा खरं सांगायचं तर तो कागद वाचून मोठ्या बाईंना वाईट वाटलं नाही. उलट, आयतं ताट पुढ्यात आल्यासारखं वाटलं. पण आयत्या ताटावर तुटून पडणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. त्यांनी पुरावा मागितला.

मग लेकाने कानातलं एक बोंड काढलं. एवढी मेहेरबानी त्याने केली, कारण आता त्याच्या आवडीचा विषय निघाला होता.

यंत्राची नोंद ही लेकाची करणी. लाँड्रीत जे जे घडतं त्याची एकेक ओळ कॉम्प्युटर लिहून ठेवतो. सुरुवातीला त्या ओळी अशा होत्या: कपडा आला. कपडा धुतला. इस्त्री झाली. त्याने मोठ्या हौसेने आईला दाखवल्या तेव्हा मोठ्या बाईंनी त्याचा पार पाणउतारा केला होता. कुणाचा कपडा, कुठल्या गाठोड्यातला, कुणाच्या हातचा, काही पत्ता नाही. कुठेतरी कुणीतरी कशाचं तरी काहीतरी केलं, ही नोंद झाली का चहाटळ बायकांची कुजबुज? आमच्या दोऱ्यांकडे बघ, म्हणाल्या होत्या त्या.

आणि लेकाने दोरे पाहिले होते. सासूबाईंच्या काळापासूनची ती पद्धत. प्रत्येक गाठोड्याला तीन दोरे. पहिला गिऱ्हाइकाचा, दुसरा कपड्याच्या जातीचा, तिसरा हाताचा. ज्याच्या हातात गाठोडं, त्याच्या रंगाचा दोरा. मोठ्या बाईंचा तांबडा, जावेचा हिरवा. गाठोडं उचललं की कुणालाही न विचारता कळायचं, हे कुणाचं, काय आहे आणि आत्ता कुणाच्या जिवावर आहे. लेकाने तेच आपल्या ओळींना केलं. आता प्रत्येक ओळीच्या मागे शेपटं होती. इस्त्री झाली, गिऱ्हाईक: हॉस्पिटल, गाठोडं: अमुक, हात: तमुक. माणसाने काम सुरू करताना टेबलावरच्या पडद्याला कार्ड टेकवायचं, की पुढच्या प्रत्येक ओळीला त्याचा नंबर आपोआप चिकटत जातो. दर ओळीला वेगळं लिहायची दगदग नाही.

मोठ्या बाईंनी तेव्हा कौतुक केलं नव्हतं. पण दोन दिवस टोमणाही मारला नव्हता, आणि त्या घरात याला कौतुकच म्हणत.

आता त्याच शेपटांच्या जोरावर लेक बोलत होता. दोन महिन्यांत हॉस्पिटलने एक्केचाळीस चादरी परत केल्या. वरून दुधासारख्या, उघडल्या की मधल्या घडीत तळहाताएवढा करपलेला डाग. चादरीच्या कोपऱ्यात शिवलेल्या चिपवरून त्याने प्रत्येकीची ओळ शोधून काढली. एक्केचाळीस ओळी, आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस ओळींवर हात: अकरा. दुसऱ्या कुणाचा नंबर चुकूनसुद्धा नाही.

"डोळे गेलेत तिचे," तो म्हणाला. "कबूल करायची नाही. मी विचारलं, तर म्हणाली, तुझ्या मशीनला विचार."

हे मात्र अगदी जावेसारखं होतं. आपली बाजू मांडायला तोंड उघडायचं, तर त्यापेक्षा ती जीभ चावून घेईल. मोठ्या बाईंना तो ताठा आठवला आणि सही करायला हात शिवशिवला. पण लेकाने पेनसुद्धा स्वतःच्या खिशातून काढून तयार धरलं होतं, ते त्यांना आवडलं नाही. ओळींचा कागद ठेवून जा, म्हणाल्या. संध्याकाळच्या आत बघते. लेक म्हणाला, तुला त्यातलं काय कळणार. आणि तोही कागद टाकून, बोंड परत कानात घालून जिना चढून गेला.

मोठ्या बाईंनी सहीचा कागद कमरेला खोचला, ओळींचा गाठोड्याखाली दाबून ठेवला आणि कामाला लागल्या. पण दिवसभर त्यांचा जीव इस्त्रीखोलीकडे ओढ घेत राहिला. त्या खोलीतून जाऊ गेली तर जाईल कुठे? मागच्या दारची तिची एक खोली होती, त्यात एक खाट, एक खिडकी. घर म्हणून ती तिथे झोपायला जायची एवढंच. जगायची ती त्या टेबलाशी, वाफेत, बाह्या सरसावून. ते टेबल काढून घेतलं तर उरलेल्या बाईला खाटेवर बसून खिडकी मोजण्यापलीकडे काही राहणार नाही. मोठ्या बाईंनी हा विचार दोनदा झटकला. बसू दे खिडकी मोजत, म्हणाल्या स्वतःशीच. एकोणीस वर्षं आपल्याला पाठ दाखवली, आता खिडकीला दाखवू दे.

दुपारी दोन वाजता नेहमीसारखी जाऊ बाहेर आली.

तिच्या बाहेर येण्याला कारण होतं. दोन महिन्यांपूर्वी लेकाने इस्त्रीखोलीत मोठा रोलर आणून बसवला होता. एका बाजूने ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने वाळून, इस्त्री होऊन, घडी पडून बाहेर. माणूस नको. जागा नव्हती म्हणून तो जावेच्या टेबलाला खेटून बसवला, तिच्याच वाफेच्या नळावर आणि तिच्याच पडद्याच्या वायरवर. बॉयलरची वाफ दोघांना एकदम पुरायची नाही. म्हणून दोन ते चार रोलर चालायचा आणि तेवढा वेळ जावेचं टेबल थंड. धुलाईवाला चादरी-अभ्रे रोलरच्या तोंडाशी रचून निघून जायचा, लेक वरून कॉम्प्युटरवर बटण दाबायचा. आणि जाऊ 'काम संपलं'चं बटण दाबून, उसवलेल्या अभ्र्यांचा ढीग आणि सुईदोरा घेऊन अंगणातल्या नळाजवळच्या पायरीवर येऊन बसायची. तोंड भिंतीकडे. मोठ्या बाईंची खुर्ची दारात, तोंड फाटकाकडे. मध्ये सहा पावलं आणि एकोणीस वर्षं.

दोन महिने, एक दिवस चुकला नाही. कशी चुकेल? मोठ्या बाई न बघितल्यासारखं करून रोज बघत होत्या. कुठल्या दिवशी तिने कुठल्या रंगाची ओढणी घेतली, कधी खोकली, सुईत दोरा ओवायला कितीदा डोळे बारीक केले, सगळं त्यांच्या हिशेबी होतं. वैऱ्यावर ठेवावी तशी नजर.

तशीच नजर ठेवून असताना त्यांनी गाठोड्याखालचा तो कागद ओढला. अक्षरांच्या नादी त्या लागल्या नाहीत. आकड्यांवरून बोट फिरवत गेल्या. अकरा, अकरा, अकरा. ते लेकाने सांगितलंच होतं. मग ओळीच्या तोंडाशी असलेले आकडे, वेळेचे. दोन वाजून दहा. तीन पंचवीस. दोन चाळीस. तीन पाच. मोठ्या बाईंचं बोट थांबलं आणि पुन्हा वर जाऊन पहिल्यापासून निघालं. सकाळचा एक आकडा नाही. बारा नाही, एक नाही. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस, दोन आणि चारच्या मध्ये.

त्यांनी मान वळवून जावेच्या पाठीकडे बघितलं. त्याच वेळी आत रोलर घरघरायला लागला.

आता इथे मोठ्या बाईंना नुसतं खरं कळलं, एवढंच नव्हे. आत नेमकं काय झालंय हे त्यांना लेकाच्याही आधी कळलं, कारण तेच त्यांनी स्वतः एकदा केलेलं होतं.

सासूबाईंचा नियम होता: आधी काप, मग बांध. दुसऱ्याच्या हातून गाठोडं आलं की त्याचा दोरा आधी कापायचा आणि मग आपला बांधायचा. त्यासाठी प्रत्येक टेबलाला कात्री टांगलेली असायची. एकोणीस वर्षांपूर्वी, धुलाईखोली जावेकडे असताना, तिने आपलं काम उरकून पांढऱ्या जाळीदार पडद्यांचं एक गाठोडं मोठ्या बाईंच्या हातात दिलं. मोठ्या बाई घाईत होत्या. हिरवा दोरा कापला नाही, तांबडा बांधला नाही, पडदे तसेच ब्लीचच्या पाण्यात सोडले आणि फाटकाशी कुणाशी तरी भांडायला गेल्या. परत आल्या तेव्हा पडद्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. सासूबाईंनी गाठोड्याचं फडकं उचललं, हिरवा दोरा वर धरला आणि धाकट्या सुनेकडे बघितलं. जाऊ म्हणाली, मी पुढे दिलं होतं. पुढे म्हणजे कुणाकडे, ते तिने सांगितलं नाही. फक्त मोठ्या जावेकडे बघत राहिली, आता ही बोलेल म्हणून.

मोठ्या बाई बोलल्या नाहीत. धुलाईखोली जावेच्या हातातून गेली आणि तिला इस्त्रीच्या वाफेत टाकलं.

आज परत तेच. आणि आजही गप्प बसायची सोय उत्तम होती. दोन ते चार जाऊ कुठे असते हे सांगू शकणारं माणूस त्या अंगणात एकच होतं, आणि जाऊ त्या माणसाला साक्षीला बोलावणार नव्हती. कागदावर सही करायची, संपलं. बोट तेवढंच हलवायचं होतं.

मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या. उठताना भिंतीला म्हणाल्या, "कुणी हलू नका इथून," आणि इस्त्रीखोलीत गेल्या.

तिथून त्यांनी लेकाला अशी हाक मारली की वरच्या मजल्यावर दोन दारं उघडली. तो आला, कानातली बोंडं काढतच आला. मोठ्या बाईंनी विचारलं, आत्ता या खोलीत कोण कोण आहे? तो म्हणाला, तू आणि मी. अकरा नंबर? तो इकडेतिकडे बघून म्हणाला, नाही. खिडकीतून बघ, म्हणाल्या. त्याने बघितलं. काकू पायरीवर, सुई हातात, हलली नव्हती.

मोठ्या बाईंचं कार्ड त्यांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला टांगलेलं होतं, त्यांनी ते आजवर कशालाही टेकवलेलं नव्हतं. त्यांनी रोलरपाशी रचलेल्या ढिगातला एक ओला अभ्रा उचलला आणि रोलरच्या तोंडात घातला. मग दुसरा. मग तिसरा. दोन नीट बाहेर आले. तिसऱ्याला रोलर मध्येच अडखळला, दम लागल्यासारखा दोन श्वास थांबला आणि परत फिरायला लागला. वाफेचा जोर पडला की तो असा थांबायचा, आणि थांबला की पोटात जे असेल ते भाजायचा. बघायला तिथे माणूसच नव्हतं, कारण माणूस नको म्हणून तर तो आणला होता.

पडद्यावर तीन ओळी उमटल्या. मोठ्या बाईंनी बोट ठेवलं.

"वाच."

लेकाने वाचलं. इस्त्री झाली. गिऱ्हाईक: हॉस्पिटल. "हात: अकरा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज अर्ध्यात खाली आला.

"मी तुझी काकू कधीपासून झाले?"

तो पडद्याशी वाकला. बराच वेळ काहीबाही दाबत राहिला. मोठ्या बाईंनी त्याला वाकू दिलं. मग हळूहळू तो सांगायला लागला, आईला कमी आणि स्वतःला जास्त. रोलरला कार्ड नाही. म्हणजे रोलरच्या ओळींवर हाताची जागा रिकामी यायला हवी होती. पण कार्ड टेकवलं की नंबर चिकटवायचा, एवढंच त्याने यंत्राला शिकवलं होतं. 'काम संपलं' म्हटल्यावर तो नंबर सोडवून घ्यायचा, हे लिहायचं राहून गेलं. काकू बटण दाबून बाहेर जायची, तिचा अकरा पडद्याला तसाच लोंबकळत राहायचा, आणि त्या वायरवरून जे जे येईल त्याच्या मागे लागायचा.

"दोन महिने रोलर चालवलास," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्याची एक तरी ओळ बिननंबरची दिसली तुला?"

"नाही."

"मग त्याच्या ओळी गेल्या कुठे, असं नाही वाटलं?"

त्याला ते वाटलं नव्हतं. नंबर दिसला, त्याने माणूस धरलं. वेळ बघितली नाही, खिडकीतून खाली बघितलं नाही. कुठल्या यंत्रावर काम झालं याचं शेपूट तर त्याने लावलंच नव्हतं. त्याला वाटलं होतं, हात कळला म्हणजे सगळं कळलं. तो म्हणाला, छोटीशी चूक आहे आई, एका ओळीचं काम आहे, आत्ता करतो. त्या 'छोटीशी'ने मोठ्या बाईंचं डोकं पुन्हा तापलं. त्यांनी तिसरा अभ्रा उलगडून त्याच्या नाकासमोर धरला. मधोमध तपकिरी पट्टा, अजून गरम.

तेवढ्यात दारात सावली पडली. हलू नका म्हटलं म्हणून ती बाई थोडीच बसून राहणार. जाऊ उंबऱ्यात उभी होती, सुई ओढणीला टोचलेली. तिने अभ्रा बघितला, पडदा बघितला, पुतण्याकडे बघितलंच नाही.

"त्यांना म्हणावं," ती खोलीला उद्देशून म्हणाली, "यावेळी कात्री लवकर सापडली."

लेकाला काही कळलं नाही. मोठ्या बाईंना कळलं. त्याचा राग त्यांनी जिथे काढायचा तिथेच काढला. कमरेचा तो सकाळचा सहीचा कागद काढला आणि इस्त्रीच्या थंड टेबलावर, जावेच्या टेबलावर, सपाट करून ठेवला. मग लेकाकडे वळल्या.

"बस. नाही स्टूल, तर खाली बस. ऐक आता. दोरा बांधायचा कसा ते माझ्याकडे बघून शिकलास, आणि कापायचा असतो ते बघायला तुला मान वर करायची फुरसत नव्हती. तुझ्या काकूच्या गळ्यात दुसऱ्याची राख बांधलीस. तिच्या गळ्यात असलं काही बांधणारा तू पहिला नाहीस. सासूबाईंच्या वेळचे ते पांढरे पडदे ब्लीचमध्ये मी जाळले होते. मी. हिरवा दोरा मी कापला नव्हता, आणि तोंड मी उघडलं नव्हतं. ते मी जाणून केलं, तू आंधळेपणाने केलंस, म्हणून तुला हलक्यात सोडते. आज त्या टेबलावरच्या पडद्यातून अकरा सोडवशील. काम संपलं की हात सुटला पाहिजे. हात नसेल तर जागा रिकामी दिसू दे, रिकाम्या जागेला कुणाचं नाव घालायचं नाही. आणि कुठलं यंत्र, त्याचं शेपूट लाव. उद्यापासून दोन ते चार रोलरपाशी तू स्वतः उभा राहशील, कानात काही न घालता. तो थांबला की चादर ओढून काढायची, हात भाजला तर भाजला. या खोलीत पाऊल टाकायचं ते काकूला विचारून. ती नको म्हणाली तर उंबऱ्यातून परत. आता हे पेन घे, सकाळी फार हौसेने धरलं होतंस. अकरा खोड. तिथे तुझा नंबर लिही. नंबर नाही? बारा घे, तो मोकळा आहे. लिहिलंस? आण इकडे, सही करते."